शिरोरेघेतली फट

धाकट्या नणंदेनं पंचेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न कचेरीत सह्या करून व्हायचं होतं आणि साक्षीदार म्हणून तिनं मला धरलं होतं. "वहिनी, अंगठा उठवायचा नाही. मी एवढी वर्षं थांबले, तू सहा महिने शीक," असं तिनं बजावलं होतं. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते, पाचवी ते आठवीच्या एका शाळेत शिपाई. घंटा द्यायची, फळे पुसायचे, वर्ग झाडायचे, दुपारी टाकी भरायची. सगळे मला मावशी म्हणत. त्याच वर्षी शाळेत जादा तास सुरू झाला. ज्या मुलांना वाचन जमत नव्हतं त्यांना शाळा सुटल्यावर तासभर थांबवायचं, चार टेबलं मांडायची, दोघांत एक पुस्तक द्यायचं. नवीन आलेल्या बाई तो तास घेत. पोरं जास्त, बाई एकटी. पहिल्याच आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "मावशी, झाडू ठेवा जरा. या दोघांच्या समोर बसा आणि बोट ओळीवर राहतंय का तेवढं बघा." मी बसले. टेबलाच्या त्या बाजूला मुलं, मध्ये पुस्तक, या बाजूला मी. अशी मी अक्षरं शिकले, म्हणजे उलटी शिकले. माझ्या लेखी शिरोरेघ अक्षराच्या पायाशी असते आणि वेलांटी खाली लोंबते. लग्नाच्या दिवशी कचेरीतल्या साहेबानं कागद माझ्याकडे नीट फिरवून दिला, तर वर काय लिहिलंय ते वाचायला मी तो परत उलटा फिरवला. नणंद इतकी हसली की नवरामुलगा घाबरला.

सहा महिन्यांत मला वाचता येऊ लागलं, फक्त एक खोट राहिली. भ आणि म यांत फरक एवढाच की भ च्या डोक्यावर शिरोरेघ किंचित तुटते, तिथं एक फट असते आणि फटीशी बारीक गाठ. मुलं ओळीवर लाकडी पट्टी धरून वाचत, आणि माझ्या बाजूनं नेमकी पट्टीची जाड कड त्या फटीच्या आड येई. माझे भ आणि म एकच झाले. मला ते ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक झालं जानेवारीतल्या एका शुक्रवारी, वाचनाची चाचणी होती तेव्हा. सगळी मुलं मोठ्या वर्गात बसली होती, मुख्याध्यापक खुर्चीवर, बाई उभ्या. एकेकानं पुढं यायचं आणि धडा वाचायचा. ज्याला जमेल त्याचं नाव बाहेरच्या तक्त्यावर लालमधून हिरव्यात जाणार. मी दाराशी घंटेची हातोडी हातात घेऊन उभी होते. सहावीतली एक मुलगी पुढं आली. अंगानं इतकी बारीक की पोरं तिला दोरी म्हणत. तिनं पुस्तक उघडलं आणि वाचू लागली, न अडखळता, आणि माझ्या पाठीवरून कुणीतरी ओला हात फिरवावा तसं झालं. धडा एका घराचा होता. आजोबा फार वर्षांनी परत येतात, त्यांना बघायला माणसं लोटतात. दोरीनं वाचलं, "आजोबा परत आले. दुपारपर्यंत सगळं घर मरून गेलं." आणि मग घशात बारीकसं "हं" केलं, आणि पान उलटायला तिचा हात आधी डाव्या कोपऱ्याकडे गेला.

"भरून," बाई म्हणाल्या. "भरून गेलं," दोरी म्हणाली आणि पुढं निघाली. मुख्याध्यापक घड्याळ बघत म्हणाले, "छान. पुढची." एवढंच झालं. कुणाचं लक्षही नव्हतं. पण ते "हं" माझं होतं. प्रत्येक परिच्छेद संपला की मी तसं करते, चष्म्याला बोट लावते, पुढं जाते. डाव्या कोपऱ्याकडे जाणारा हात माझा होता, कारण उलट्या पुस्तकाचं पान तिकडून उलटतं. आणि ते मरून गेलेलं घर माझं होतं, मीच तिला तसं वाचून दाखवलं होतं. शाळा सुटल्यावर आणि जादा तास सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं असतात. मी वर्ग झाडत असे. दिवाळखोर माणसाला एकदम कुणी शेठ म्हणावं, तसं दोरी एके दिवशी माझ्यासमोर येऊन म्हणाली होती, "मावशी, मला वाचून दाखव ना." मला. आयुष्यात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी बाकावर बसले, पुस्तक उलटं धरलं आणि वाचलं, आणि मग रोज वाचू लागले. ती समोर हनुवटी टेकून बसे, पुस्तकाकडे बघतही नसे, माझ्या तोंडाकडे बघत असे. मला वाटलं, पोरीला गोडी आहे. आता कळलं की ती मला उचलत होती. शब्द, श्वास, चष्म्याला लावलेलं बोट, सगळं. तिला एक अक्षर येत नव्हतं आणि बाहेरच्या तक्त्यावर तिचं नाव हिरव्यात गेलं.

तरीही त्या दिवशी मी हललेच नाही, याचं कारण दुसरं होतं. स्वतःचा आवाज माणसाला आतून ऐकू येतो, बाहेरून कधी येत नाही. त्या शुक्रवारी मी तो दोरीच्या तोंडून पहिल्यांदा बाहेरून ऐकला, आणि तो माझा नव्हता, माझ्या आईचा होता. तोच घोगरा, वाक्याच्या शेवटी जरा बसणारा. आई जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं तिचा आवाज माझ्यापाशी होता, भांडी घासताना, टाकीत पाणी पडताना तो आपोआप यायचा. गेल्या काही महिन्यांत तो यायचा थांबला होता. मी मनाला सांगितलं होतं, वय झालं. पण वयाचं नव्हतं ते. लिहिता-वाचता येत नव्हतं तेव्हा माझ्या डोक्यात सगळं जागच्या जागी असे. कुणाचं बाळ कोणत्या वारी झालं, कोण भांडणात काय बोललं, कुणाचा फोन नंबर काय. नणंद म्हणायची, "आमची वहिनी म्हणजे घरचं दप्तर. खोटं बोलायची सोयच नाही." लग्नानंतर ती भेटायला आली आणि तिनं सहज विचारलं, "वहिनी, थोरल्या भावजींनी मला रागावून काय म्हटलं होतं गं, तो चांदीचा पेला हरवला तेव्हा?" मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. भिंतीवर खिळा असावा आणि चित्र नसावं तसं. ती हसत म्हणाली, "गेलं का दप्तर? बरं झालं बाई, आता मी सुखानं खोटं बोलेन." मीही हसले. आतून मात्र मी घरातल्या वस्तू मोजाव्यात तशी एकेक आठवण चाचपत होते, आणि जिथं जिथं मी कागदावर काही लिहून ठेवलं होतं, तिथं तिथं डोक्यातली जागा रिकामी होती.

सोमवारी मी दोरीला वर्गात गाठलं. ती बाकावर पाय हलवत बसली होती. मी तिच्या पुढ्यात एक पान उघडलं, आम्ही कधी न वाचलेलं. "वाच." तिनं पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू वाच आधी." "दोरे, तुला येत नाही." "येतं." "मग वाच." तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मग एकदम, लबाडी पकडली गेल्यावर पोरं होतात तशी ती रागावली नाही, रडली नाही, मोठ्या बाईनं समजूत घालावी तशी मला म्हणाली, "मावशी, मला शिकायचंच नाही. बाई शिकवतात तेव्हा मी डोळे ढिले सोडते. मग अक्षरं आत येत नाहीत." "का गं?" "अक्षरं आत आली की आवाज बाहेर जातात." कुणी सांगितलं म्हणून मी विचारलं. तिनं खांदे उडवले. "तुझं नाही का झालं तसं?" ती म्हणाली.

तिची आई ती चौथीत असताना वारली होती. बाप बेकरीत कामाला, पहाटे जाणारा, दुपारी येऊन झोपणारा. एवढं मला ठाऊक होतं. दोरीनं मान ताठ केली, हात मांडीवर ठेवले, आणि त्या रिकाम्या वर्गात एक मोठी बाई बोलू लागली. दमलेली, छातीत घरघर असलेली, चेष्टेखोर. "बाटली वापरण्यापूर्वी हलवावी. ऐकलंस का, हलवावी म्हणे. इथं मलाच उठवत नाही. थंड व कोरड्या जागी ठेवावी. मुलांच्या हाती लागू देऊ नये." मग खोकला, तीनदा, आणि खोकल्यानंतर हसू. दोरीचे ओठ हलत होते पण तो खोकला त्या बारक्या छातीतून निघेल असा नव्हता. माझ्या हातातला झाडू बाकावर आपटला. "बास," मी म्हणाले. ती लगेच थांबली आणि पुन्हा बारा वर्षांची झाली. "सगळं आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "बसचं वेळापत्रक पण आहे. किराण्याच्या पुड्यांचे कागद पण. आई दिसेल ते वाचायची."

मी बाईंना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं तर तिचं नाव पुन्हा लालमध्ये येईल, पोरं हसतील, असं मी स्वतःला सांगितलं, पण खरी गोष्ट लाजिरवाणी होती. मला ती वीस मिनिटं हवी होती. मी तिला वाचून दाखवी, आणि मग म्हणे, "आता तू म्हण." ती म्हणे, आणि मी डोळे मिटून माझ्या आईला ऐके. पुढं पुढं मी पुस्तकही उघडेना. आई मला जे बोलायची त्यातलं उरलंसुरलं मी आठवून दोरीला सांगे, "झोपलीस का गं", "दार लोटून घे", असलं साधंच, आणि तिच्याकडून परत घेई. तिच्या तोंडून ते माझ्यापेक्षा चांगलं येई. कधी कधी मी न सांगितलेला एखादा शब्दही त्यात येई आणि तो आईचाच असे, ते मला ऐकल्यावर कळे. तो तिला कुठून मिळाला हे मी विचारलं नाही. एकदा आम्ही बाहेर पडलो तर कारकून दाराशी उभे होते. त्यांनी आत वाकून पाहिलं. "मावशी, दुसऱ्या कोण होत्या?" "कुठं कोण? ही पोरगी." "नाही हो, दोन बायका बोलत होत्या. एक तर चांगलीच म्हातारी." दोरी त्यांच्याकडे बघून गोड हसली. त्या दिवसानंतर मला घरी एकटीनं बसवेना. आरशात केस विंचरताना मी तोंड घट्ट मिटून घेई, न जाणो, मी बोलले आणि दोरी निघाली तर.

फेब्रुवारीत एका बुधवारी शाळेला सुट्टी होती. छताचं काम निघालं होतं. आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला तशी छापील चिठ्ठी दिली होती, मीच वर्गावर्गात वाटली होती. मी दुपारी टाकी बघायला म्हणून आले, तर फाटकाच्या पायरीवर दोरी बसलेली. दप्तर पाठीवर तसंच, अंगावर छतावरून उडालेली पांढरी धूळ. सकाळी नऊपासून बसली होती. दुपारचा एक वाजला होता. "अगं, चिठ्ठी दिली होती ना!" तिनं खिशातून ती काढली, घडी न मोडलेली. "बाबा झोपले होते. कुणी म्हटलीच नाही," ती म्हणाली. 'वाचली नाही' असंही म्हणाली नाही, 'म्हटली नाही' म्हणाली. मी विचारलं, "फाटकावर एवढा मोठा कागद डकवलाय, तो नाही दिसला?" ती वळली. कागद तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघावं तसं. तिच्या चेहऱ्यावरची ती धूळ आणि ते बघणं, यांचं मला भय वाटलं. खोकणाऱ्या बाईचं कधी वाटलं नव्हतं एवढं. वाटलं, ही मोठी होईल, आणि बाहेर सगळं लिहिलेलं असेल, कुठं थांबायचं, कुठून जायचं, काय प्यायचं नाही, आणि ही आत दोन मेलेल्या बायका घेऊन पायरीवर बसून राहील. आणि त्यातली एक मी ठेवायला दिलेली.

गुरुवारी मी बाईंपाशी गेले. त्या शब्दांच्या पट्ट्या कापत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आवाजांचं सोडून. त्यांची कात्री थांबली. "एक अक्षर येत नाही? मावशी, तिनं चाचणी दिली माझ्यासमोर!" "मी वाचलं तसं तिनं म्हटलं. ते मरून गेलं म्हणाली ना, ती माझी चूक. मला भ दिसत नाही." बाईंनी कात्री खाली ठेवली. मग त्यांनी पुस्तक उघडलं, माझ्यापुढं उलटं ठेवलं, स्वतः माझ्या शेजारी येऊन मान वाकडी करून तिकडून बघितलं, आणि म्हणाल्या, "अरे देवा. कसं शिकलात तुम्ही असं? आणि मी एकदाही बघितलं नाही." मग आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, "बाई, यादी वर गेली. हिरव्यातून लालमध्ये कुणी येत नसतं. असा रकानाच नाही." "मग रकाना काढू," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय, पट्ट्या कापायच्या. उत्तर मला द्यावं लागतं." "तर मग उत्तर द्या सर, की शाळा चुकली आणि शाळेनं दुरुस्त केलं." मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मावशी, तुम्ही वाचता म्हणे. कधीपासून?" मी सांगितलं. "बरं," ते म्हणाले, "मग तुमचं नाव कुठल्या रंगात घालू?" पण त्यांनी बाहेर जाऊन तक्त्यावरची दोरीच्या नावाची चिठ्ठी स्वतःच्या हातानं लालमध्ये हलवली.

दोरीनं ती हललेली पाहिली. पुढं महिनाभर ती माझ्याशी बोललीच नाही. बाई तिला धडा देत नसत, सुट्या शब्दांच्या पट्ट्या देत, रोज वेगळ्या क्रमानं, म्हणजे कान लावून उपयोग नाही. मला त्यांनी टेबलाच्या त्या बाजूला, मुलांच्या बाजूला बसवलं. मलाही सगळं नव्यानं लावावं लागलं. पहिले काही दिवस पान सरळ दिसलं की मला भोवळ यायची. आम्ही दोघी शेजारी बसत असू, खांद्याला खांदा. बाई म्हणत, "डोळे ढिले सोडायचे नाहीत, दोरे. इकडे. हे काय?" "क." "आणि हे?" दोरी अक्षरावर बोट फिरवत राही, मग बाई माझ्याकडे वळत. "मावशी, तुम्ही सांगा." "भ," मी म्हणे, आणि मला ती फट दिसे, डोक्यावर, उघडी. इतके दिवस कशी दिसली नाही. रोज माझ्या शेजारी ती पोर एकेक अक्षर असं गिळे, जसं कडू औषध घोटाघोटानं. आणि मला ऐकू येई, म्हणजे ऐकू येणं बंद होई. आधी माझी आई गेली. ते मला अपेक्षित होतं. एके दिवशी मी चुकून दोरीच्या तोंडाकडे आशेनं पाहिलं, तिनं "दार" हा शब्द वाचला होता, आणि तो नुसता दार होता.

मार्चात बाईंनी तिच्यापुढं एक पुस्तक ठेवलं, नवं, कुणी न वाचलेलं. पानं अजून एकमेकांना चिकटलेली. बाकीच्या मुलांना त्यांनी लवकर सोडलं होतं, पश्चिमेचं ऊन टेबलावर होतं. दोरीनं पहिली ओळ वाचायला किती वेळ घेतला देव जाणे. अडखळली, मागं गेली, जोडाक्षराशी थांबून राहिली. आवाज तिचाच होता, चिरका, नाकातला, मी तो पूर्वी नीट ऐकलाच नव्हता. एक पान झालं. बाई उठून खिडकीपाशी गेल्या, त्यांना डोळे पुसायचे होते. दोरीनं पुस्तक मिटलं, मान ताठ केली, हात मांडीवर ठेवले. मला कळलं ती काय करतेय. तिचे ओठ उघडले. घरघर आली नाही, खोकला आला नाही. ती थांबली, पुन्हा ओठ उघडले. मग माझ्याकडे न बघता, महिन्याभरात पहिल्यांदाच, माझ्याशी बोलली. "मावशी, आता मला बाटली दिसते." "काय दिसतं?" "तिच्यावरचा कागद. त्यावर काय लिहिलंय ते सगळं दिसतं." तिनं बोट टेबलावर टेकवलं, तिथं काही नव्हतं. "पण कुणी म्हणत नाही." मी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला, मग सोडवून घेतला, दप्तरात पुस्तक घातलं आणि बाईंना विचारलं, "हे घरी नेऊ?" "ने," बाई खिडकीतूनच म्हणाल्या. मी जाऊन पावणेपाचची घंटा दिली, जादा तास संपल्याची.

दोरीची आई त्या वर्षी मार्च महिन्याच्या अठरा तारखेला, दुपारी पावणेपाच वाजता वारली. मृत्यूच्या दाखल्यावर तारीख दोन वर्षं आधीची आहे.